तसराळं कोणाकडे आहे

मेणबत्ती पेटवायला कोसानाला चार काड्या लागल्या. तीन दमट निघाल्या, फुसफुसून विझल्या. चौथी धरली, तेव्हा ज्योतीकडे बघायच्या आधी तिने खिडकीकडे पाहिलं. संत निकोलाच्या दिवशी घरधन्याच्या हातची काडी विझली, ही बातमी गावात चुलीच्या धुराआधी पोचते, आणि यंदा तर गाव तेवढ्याचीच वाट बघत बसलं होतं. बाहेर अजून धड उजाडलं नव्हतं. काचेवर बर्फाची नक्षी आणि पलीकडे आलुबुखाराची काळी झाडं. कोणी नव्हतं.

"लागली," ती भिंतीवरच्या तसबिरीला म्हणाली. "चारात लागली. बाबांना सांगायची गरज नाही."

तसबिरीतल्या संत निकोलाने ते ऐकून घेतलं. दीडशे वर्षं तो ह्या पूर्वेच्या भिंतीवरून ह्या घराण्याकडे बघत आला होता, आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या काही उगीच पडलेल्या नव्हत्या.

वडिलांना, म्हणजे व्हेलिमिरना, जाऊन आठ महिने झाले होते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी छताकडे बघत विचारलं होतं, "आता मेणबत्ती कोण लावणार?"

"मी," कोसाना म्हणाली.

"तू?" म्हातारा हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला. "तुला काडी तरी पेटवता येते का?"

तिसऱ्या दिवशी ते गेले. ते हसणं होकार होता की नकार, हे विचारायचं राहूनच गेलं. कोसानाने आपल्या सोयीने होकार धरला. माणूस गेल्यावर त्याच्या हसण्याचा अर्थ लावायचा हक्क मागे उरलेल्याला असतो, असं तिचं म्हणणं. तिच्या काकांचं म्हणणं वेगळं होतं.

रादिसावकाकांनी ते वडिलांच्या सहा महिन्यांच्या स्मरणाच्या जेवणाला, सगळ्यांसमोर, तोंडातला घास गिळून सांगितलं होतं. "कुळाचा संत बापाकडून मुलाकडे जातो. दादाला मुलगा नाही. विषय संपला. निकोला एकच आहे, त्याचा दिवस एकच आहे, ह्या वर्षीपासून जेवण माझ्याकडे. दुपारी."

"मेणबत्ती मी लावणार आहे काका," कोसाना म्हणाली. "बाबांना शब्द दिलाय."

"तुला संत कशाला? तू लग्न करून गेलीस तेव्हा नवऱ्याचा घेतलास की."

"तो नवऱ्याकडेच राहिला. मी दोन बॅगा घेऊन आले, त्यात मावला नाही."

कोणी हसलं नाही. सगळ्या माना ताटांत गेल्या. चुलतभाऊ ओब्राद घेवड्याचे दाणे मोजू लागला. मिलेवाकाकूंनी रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. आणि स्तानाआत्या, जिला शेजारच्या गावातला पाळणा हललेला ऐकू येतो, ती नेमकी त्याच क्षणी बहिरी झाली. कोसाना सगळ्यांकडे एकेक करून पाहत राहिली. तिला भांडणाचं दुःख झालं नाही, ते ह्या घरात मीठ-मिरचीसारखं असतं. तिला त्या रुमालाच्या घडीचं वाईट वाटलं. पाव वळताना वेणी कशी घालायची, हे लहानपणी त्याच हातांनी तिला शिकवलं होतं.

"ठीक आहे," काका म्हणाले होते. "लाव मेणबत्ती. त्या दिवशी आपल्या रक्ताचं, आपल्या घरातलं एक माणूस जरी तुझ्या पावाला हात लावायला आलं, तरी मी तोंड उघडणार नाही. आणि नाही आलं, तर दुसऱ्या दिवशी ओब्राद येईल आणि तसबीर घेऊन जाईल."

पुढच्या सोमवारी त्यांनी स्वतःच्या घरात पूर्वेच्या भिंतीला तसबिरीसाठी खिळा ठोकला. भिंत सिमेंटची, त्यामुळे सकाळभर ठोकाठोक चालली आणि दोन्ही गल्ल्यांना कळलं की निकोला घर बदलतोय.

तेव्हापासून कोणी ह्या फाटकाकडे फिरकलं नव्हतं. आणि बोलवायचं म्हटलं, तर ह्या दिवसाला कोणाला बोलवायचं नसतं. लग्नाला बोलावतात, बारशाला बोलावतात. कुळसंताच्या दिवशी ज्याला आठवण असते तो येतो. नाही आला, की समजून घ्यायचं. घरधन्याने मेणबत्ती लावायची, दार उघडं ठेवायचं आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत उभं राहायचं. बसायचं नाही.

तेव्हा कोसाना उभी होती. तिचे बूट चावत होते, म्हणून पायांत वडिलांच्या लोकरी सपाता होत्या, दोन बोटं मोठ्या. टेबलावर वेणीचा पाव, अक्रोड घालून शिजवलेला गहू, लाल वाईन, कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या भाताचा सार्मा, कांद्यात मुरवलेला घेवडा. उपवासाचे दिवस, त्यामुळे मांस, दूध, अंडं नाही, मासा चालतो. आणि चुलीजवळ, त्या लांबड्या तसराळ्यात, चार किलोचा कार्प मासा असा पडला होता, जसं आईबापाच्या पलंगावर झोपलेलं तान्हं पोर.

ह्या तसराळ्याबद्दल सांगायलाच हवं.

एकतीस वर्षांपूर्वी दोघा भावांनी वाटण्या केल्या, तेव्हा त्यांनी सगळं अर्धं केलं होतं. बाग, गोठा, चमचे. एक दारसुद्धा. राहिलं ते आजोबांचं तांब्याचं तसराळं. हातभर रुंद आणि दोन हात लांब. ह्या कुळात निकोलाचा मासा अख्खा भाजतात. डोकं छाटलेला मासा पाहुण्यापुढे ठेवणं म्हणजे पाहुण्यालाच जा म्हणणं. अख्खा मासा मावेल असं भांडं तेवढं एकच. तेव्हा ठरलं की थोरल्याकडे जेवण दुपारी, धाकट्याकडे संध्याकाळी. दुपारी मासा संपला की तसराळं कुंपणावरून पलीकडे जाई आणि सकाळी घासून परत येई. एकतीस वर्षं ते असं गेलं-आलं. इतकं, की ते राहायला कुठे आहे, हा विचार कोणी करेनासं झालं.

आणि यंदा काकांनी आपलं जेवण संध्याकाळचं दुपारी आणलं. पाद्रींना सांगितलं, गावाला सांगितलं, नऊ किलोचा जिवंत कार्प आणून न्हाणीघरातल्या टबात सोडला, आयत्या वेळी ताजा मारायला. तसराळ्याचं विसरले. दुसऱ्या कुळाकडून ही चूक झाली नसती. दुसऱ्या कुळात ज्याचं त्याचं तसराळं असतं.

कोसानाच्या हे खिळ्याच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं होतं. ती कोठीत जाऊन, दार लावून, लोणच्याच्या बरण्यांसमोर पोटभर हसली होती. मग तिने व्हिनेगर आणि मीठ घेऊन तसराळं लखलखीत घासलं, फळीवर ठेवलं आणि कोणालाही, काहीही सांगितलं नाही.

तरीही साडेअकरापर्यंत जेव्हा कोणीच आलं नाही, तेव्हा तिचं हसू हळूहळू आटत गेलं. सकाळी चर्चमध्ये पाद्री नेस्तर काय म्हणाले ते आठवत राहिलं. "एक वाजता येतो मी. पण पाव फिरवायला हात लागतात, कोसाना. तुझे आणि आणखी कोणाचे तरी. माझे धरू नकोस, माझे सगळ्या गावाचे आहेत. कोणी नसलं तर आशीर्वाद देईन नि जाईन. कापणार नाही." बरं बोलले होते. पण बोलताना त्यांनीही तिच्या पावाकडे असं पाहिलं होतं, जसं आपण दुसऱ्याच्या हट्टाकडे बघतो.

फाटक वाजलं. ओब्राद होता. अडतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, बापाच्या आवाजाने अजून दचकणारा. तो दारातच थबकला.

"ताई, मी आलो नाहीये," तो म्हणाला. "तसराळं न्यायला पाठवलंय."

"बरं. बूट काढ."

"आत येत नाही. फक्त तसराळं."

"त्यात मासा आहे, बघ. गरम आहे. अख्खा उचलायला गेले तर मोडेल. एकला पाव कापला की मासा वाढते, मग ने."

"एक वाजता? बाबांचे पाहुणे बाराला येणारेत."

"मग मासा मोडून नेऊन दाखव तुझ्या बाबांना, निकोलाच्या दिवशी."

ओब्रादने विचार केला. विचार करताना त्याचं नाक सार्म्याच्या दिशेने वळलं. "आईने भात जाळला आज," तो पुटपुटला. "सकाळपासून घरात आरडाओरड. कोणी काही खायला दिलं नाही."

"एक खा. उभ्या उभ्या खा, म्हणजे आलास असं होत नाही."

त्याने बूट काढले. एक खाल्ला, मग तीन. कोसानाने खिडकीतून बाहेर पाहत सहज विचारलं, "सकाळी तू आला होतास का रे? खिडकीखाली बर्फात पावलं आहेत. झाडांपर्यंत जाऊन परत गेलेली."

"मी? मी झोपलो होतो."

"मग गावातला कोणी असेल," ती म्हणाली. "बघत असतील, लागते की विझते."

चौथा सार्मा घशाखाली उतरतोय तोच फाटक पुन्हा वाजलं. ओब्राद पांढराफटक पडला. "आई. मला इथे बघितलं तर बाबांना सांगेल."

"कोठीत जा. आणि बरण्यांना हात लावू नको."

तो बशीसकट कोठीत गेला. कोसानाने त्याचे बूट बाकाखाली सरकवले.

मिलेवाकाकू आल्या त्या बोलतच आल्या. "ओब्राद कुठे मेला? अर्धा तास झाला. तिकडे मासा टबात फेऱ्या मारतोय, पाहुणे येतायत, तुझे काका पिसाळलेत. तसराळं दे पोरी, उगीच ताणू नको."

"ताणत नाही काकू. मासा निघाला की देते. पाव कापल्याशिवाय मासा निघत नाही."

"पाव कोण कापणार? तू?"

"पाद्री. आणि पाव धरायला कोणी आलं तर."

काकूंची नजर टेबलावर गेली. त्या जवळ गेल्या, वाकल्या, पावाची वेणी निरखली. बोटाने एक पेड दाबला. "डावीकडून उजवीकडे घातलीस."

"तुम्हीच शिकवलंत."

"मी उजवीकडून शिकवलं."

"तुम्ही समोर बसला होतात काकू. मला उलटं दिसलं."

मिलेवाकाकूंचा चेहरा एकदम काहीतरी वेगळाच झाला. रागावायचं होतं आणि राग हाताशी सापडत नव्हता. त्यांनी चमचाभर गहू तोंडात टाकला. पाहुणा दारातून आला की पहिल्यांदा गहूच घेतो, हे बहुधा त्यांच्या लक्षात नव्हतं, की होतं, कोण जाणे. "साखर कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक चमचा घेतला. "अक्रोड भाजून घातलेस. तुझी आई घालायची तसे." मग आवाज खाली आणून, "मी त्या दिवशी जेवणात बोलायला हवं होतं. मी घडी घालत बसले."

"मी बघितलं."

"तुला सगळंच दिसतं, हीच तर कटकट आहे तुझी."

तेवढ्यात अंगणात काठी वाजली. ठक, ठक. काकूंनी चमचा खाली टाकला. "वन्सं. देवा, वन्संनी मला इथे पाहिलं तर जन्मभर ऐकवतील. नवऱ्याला सोडून पुतणीकडे जेवायला गेली म्हणून." आणि पन्नास वर्षं संसार केलेली ती बाई परकर सावरत कोसानाच्या झोपायच्या खोलीत पळाली. कोसानाने दुसरे बूट बाकाखाली सारले. बाकाखाली गर्दी होऊ लागली होती.

स्तानाआत्या आत आली, तिने बूट काढले, सरळ टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसली आणि काठी मांडीवर आडवी घेतली. दोघा भावांची थोरली बहीण. वय विचारलं तर ऐकू येत नसे.

"तुला कोणी पाठवलं आत्या? काकांनी?"

"मला कोण पाठवतंय. मी सांगून निघाले की मी तसराळं आणते, एवढंच. तिथे बसून काय करू? अकरा पाहुणे लोणची चावतायत. राद्या दर दोन मिनिटांनी टबात डोकावतो, मासा त्याच्याकडे बघतो. दोघांचे डोळे सारखेच." तिने हुंगलं. "तुझ्या कोठीतल्या उंदराला सांग, हळू चावत जा म्हणावं."

कोठीतलं चावणं एकदम थांबलं.

"आणि माझ्या वहिनीला सांग, पलंगाखाली धूळ असते. तिला शिंका येतात."

खोलीतून शिंक आली.

कोसानाने हसू दाबलं. मग दाबलेलं हसू कुठेतरी अडकलं आणि डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, तू त्या दिवशी ऐकलं होतंस ना सगळं?"

"कधी?"

"आत्या."

म्हातारीने काठीवरचा अंगठा फिरवला. "ऐकलं," ती म्हणाली. "सगळं ऐकलं. वाटलं, बघू या, ही पोरगी एकटी उभी राहते का. मी तुझ्या बाजूने बोलले असते तर सगळे म्हणाले असते, आत्याने चढवलं. आता कोणी म्हणणार नाही."

"हे काही बरं कारण नाही."

"नाहीच," आत्या मान्य करत म्हणाली. "दुसरं हे की मला भीती वाटली. राद्या फार ओरडतो. आता राकिया दे थोडी."

कोसानाने छोट्या पेल्यात ती आलुबुखाराची दारू ओतली. ओतता ओतता तिला खिडकीतून दिसलं: आलुबुखाराच्या झाडांमधून, टोपी कपाळावर ओढून, हातवारे करत रादिसावकाका येत होते. त्यांच्यामागे हात चोळत पाद्री नेस्तर. आणि त्यांच्या मागे, मासा कुठे गेला हे बघायला निघालेली, दोन-तीन उपाशी मंडळी. घड्याळात एकला सात मिनिटं कमी होती.

काय करायचं ते तिला ठरवावं लागलं नाही. ती वाकली, बाकाखालचे बूट ओढून काढले आणि पडवीत उंबऱ्याबाहेर ओळीने मांडले. ओब्रादचे, टाचेला झिजलेले. काकूंचे, लोकरीची किनार असलेले.

"माझे मधोमध ठेव," आत्या आतून म्हणाली. "मी थोरली आहे."

काका पडवीत आले ते तोंड उघडूनच. पण शब्द बाहेर यायच्या आधी नजर खाली गेली. ते बूट बघत राहिले. ओब्रादचे त्यांनीच जत्रेतून आणलेले. बायकोचे तर, घेतल्यापासून बावीस वर्षं, रोज रात्री त्यांच्या बुटांशेजारी उभे राहिलेले. मधोमध बहिणीचे, जुने, काळे, जराही न ओशाळलेले.

"ओब्राद," काका म्हणाले. आवाज मोठा नव्हता.

कोठीतून उत्तर आलं, "मी इथे नाहीये बाबा."

"मिलेवा."

काकू खोलीच्या दारात आल्या. केसांत पलंगाखालचा धुळीचा गोळा. "तसराळं शोधत होते."

"पलंगाखाली?"

"कुठे कुठे म्हणून शोधायचं माणसाने," काकू म्हणाल्या. आता पकडलंच आहे म्हटल्यावर त्यांचा आवाज स्थिर झाला होता.

पाद्री नेस्तरनी बर्फ झटकला आणि आत डोकावून समाधानाने मान हलवली. "वा. हात पुष्कळ आहेत की."

"मी तसराळं न्यायला आलोय," काका कोसानाला म्हणाले. उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. "बाकी मला काही नको. दे."

"देते काका. त्यात मासा आहे. मासा वाढला की तसराळं रिकामं होईल. पाव कापला की मासा वाढता येईल. पाव हातांनी फिरवला की कापता येईल." तिने हे इतक्या नम्रपणे सांगितलं की पाद्रींना खोकला आला. "बाकी तुमचीच मर्जी. मी कोणाला बोलावलेलं नाही."

"तू मुद्दाम केलंस."

"मी काय केलं? दुपार तुम्ही निवडलीत."

काकांनी तोंड मिटलं. मागच्या पाहुण्यांत कोणीतरी हळूच म्हणालं की अरे खरंच, तसराळं तर व्हेलिमिरकडेच असायचं, आणि त्या वाक्यावर बर्फातसुद्धा काकांचे कान लाल झाले.

"रीत ती रीत," ते शेवटी म्हणाले. "संत बापाकडून मुलाकडे जातो. हे मी ठरवलं नाही."

"आणि तुझ्याकडून कोणाकडे जाणार राद्या?" आत्या खुर्चीतून म्हणाली. "त्या कोठीतल्याकडे? त्याला मोजे धुता येत नाहीत. तो लावणार मेणबत्ती? तुझ्या मागे तुझा निकोला कोणाच्या भिंतीवर जाईल, मोजून बघ. मला तर ह्या घरात एकच माणूस दिसतंय."

"आत्या, मला धुता येतात," कोठीतून ओब्राद म्हणाला.

काकांनी बहिणीकडे पाहिलं नाही. ते खाली बघत होते, आता बुटांकडे नाही, उंबऱ्याच्या आत, कोसानाच्या पायांकडे.

"ह्या दादाच्या सपाता."

"माझे बूट चावतात. आणि आज बसायचं नसतं."

"सकाळपासून बसली नाहीस?"

"नाही."

"पाहुणा कोणी नसताना?"

"पाहुणा आला नाही म्हणून घरधनी बसतो का, काका?"

हे वाक्य तिचं नव्हतं. एका जबरदस्त हिमवादळाच्या वर्षी ह्या घरी चिटपाखरूही आलं नव्हतं. व्हेलिमिर काळोख पडेपर्यंत टेबलाजवळ उभा होता, आणि धाकट्या भावाने बस म्हटल्यावर त्याने हेच उत्तर दिलं होतं. हे त्या धाकट्याशिवाय कोणाला ठाऊक नसेल, असं त्या धाकट्याला वाटत आलं होतं.

काकांनी एका हाताने भिंत धरून बूट काढले. ओळीत शेवटी जागा होती, तिथे ठेवले.

पाद्रींनी फार वेळ घेतला नाही. त्यांना अजून नऊ घरं होती. पाव उचलला तेव्हा खाली कोसानाचे हात होते, त्यांच्या बाजूला काकूंचे, ओब्रादचे तेलकट, आत्याचे थरथरते. काकांचे दोन्ही हात खिशात होते. पाव एकदा फिरला. दुसऱ्यांदा फिरताना आत्याची बाजू कलली, पाव पडतो की काय असं झालं, आणि खिशातला एक हात आपोआप बाहेर येऊन पावाखाली गेला. तिसऱ्या फेरीला दुसराही आला. आत्याचे हात तेवढ्यापुरतेच इतके का थरथरले, ते तिचं तिला माहीत.

वाईन ओतली, पाव मोडला. आता सगळ्यांत थोरल्या पुरुषाने घरधन्याच्या नावाने पेला उचलायचा असतो. काकांनी उचलला.

"ह्या घराच्या..." ते म्हणाले आणि थांबले. "ह्या घरात..." पुन्हा थांबले. लोणच्यावर तासभर काढलेले पाहुणे पेल्यात बघत राहिले. ओब्राद दाणे मोजू लागला, पण पटकन सोडून त्याने मान वर केली.

काकांनी एका दमात म्हणून टाकलं, "घरधनी, निकोला पावो."

"तुम्हालाही पावो, काका," कोसाना म्हणाली. तिचा आवाज साधाच होता. फक्त तसराळ्यातून काढताना मासा मोडला, आणि सगळ्यांनी ताटं पुढे केली.

चार किलोचा मासा सतरा माणसांना कसा पुरला, हे विचारू नये. पुरला. उरलेली मंडळीही काकांच्या घरून लोणच्याच्या बरण्या घेऊनच इकडे आली. वर्ष दुखवट्याचं, म्हणून कोणी गायलं नाही, पण आत्याने व्हेलिमिरच्या तीन गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन खोट्या होत्या. टबातल्या कार्पचा विषय निघाला. तो अजून पोहत होता.

"सगळ्या गावात त्याचा एकट्याचा उपवास घडला," आत्या म्हणाली.

उन्हं उतरली तशी मंडळी निघाली. वाईनचे थेंब टाकून मेणबत्ती विझवायची वेळ झाली, तेव्हा आत फक्त कोसाना आणि काका उरले होते. काका कोट चढवत होते. तसबिरीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

"उद्या ओब्रादला पाठवतो," ते म्हणाले.

कोसानाच्या हातातला पेला थांबला.

"तसराळं न्यायला," काका म्हणाले. "नाहीतर तो मासा घरचाच होऊन बसेल. मिलेवाने त्याला नाव ठेवलंय."

"आणि खिळा?"

"टोपी अडकवीन." त्यांनी टोपी डोक्यावर घातली, खिसे चाचपले आणि आगपेटी काढून खिडकीत ठेवली. "ह्या कोरड्या आहेत. पुढच्या वर्षी तुझ्या वापरू नकोस. तीन वाया गेल्या."

ती आगपेटीकडे बघत राहिली. मग खिडकीबाहेर. दिवसभर ये-जा करणाऱ्या पावलांनी अंगणातला बर्फ चिखल झाला होता, पण खिडकीखाली, भिंतीलगत, पहाटेची ती पावलं तशीच होती. मोठी, जड, बराच वेळ एका जागी उभी राहिल्याने खोल रुतलेली.

"काका, तुम्हाला कसं कळलं, तीन?"

काका पडवीत खाली बसून बूट चढवत होते. चढवायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ वेळ त्यांनी लावला.

"चौथी धरली ना?" ते पाठमोरे म्हणाले. "झालं तर मग."

फाटक लागलं. कोसानाने ज्योतीवर वाईनचे तीन थेंब सोडले, आणि मग, सकाळपासून पहिल्यांदा, वडिलांच्या खुर्चीत बसली. सपाता काढल्या नाहीत.